पुस्तकात आहे तशी

३० ऑक्टोबर २०२३ला संध्याकाळी टीव्हीवर बातमी लागली, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली गाडी. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं, ती भरली. अण्णा बशीत चहा ओतून बसले होते. बातमी संपेपर्यंत बशी तोंडाला लागलीच नाही. मग खाली ठेवत म्हणाले, "आपली कुठंय?"

आपली कुठंय हे त्यांना चांगलं माहीत होतं. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या रो-हाऊसच्या पोर्चमध्ये, ताडपत्रीखाली, २०१९पासून. तिच्या बॉनेटवर आई गहू वाळवायची. प्रश्न मला होता.

गाडी १९७९ची प्रीमियर पद्मिनी. घरात कुणी तिला पद्मिनी म्हटलं नाही, ती 'फियाट'च. अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. १९८८ साली एका डॉक्टरांकडून त्यांनी ती घेतली तेव्हा आमच्या गल्लीत दुसरी चारचाकी नव्हती. चैत्रात वणीला, श्रावणात त्र्यंबकला, लग्नाच्या सीझनमध्ये वरात कुणाचीही असो, गाडी आमची. आरसी पुस्तकावर पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचा शिक्का पडत गेला. शेवटचा २०१४ला.

२०१५ला मी पंचवीस वर्षांचा होतो. अंबडला नोकरी लागली होती, हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे खुळखुळत होते. त्यात भंगारात निघालेली एक ११८ एनई सापडली. गाडी प्रीमियरचीच, पण आत निसानचं ए-१२ इंजिन, ११७१ सीसी. मी तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचे डिस्क ब्रेक काढून फियाटला बसवले. गिअर स्टेअरिंगवरून जमिनीवर आला. रुंद टायर आले, अलॉय व्हील आली, प्रेशर हॉर्न आला. मूळचा क्रीम रंग जाऊन गाडी लालभडक झाली. द्वारका सर्कलच्या मागे एका वेल्डिंगवाल्याकडे महिनाभर मी रोज रात्री बसून होतो आणि फार मोठं काहीतरी करतोय असं मला वाटत होतं. अण्णा पहिल्यांदा गाडीत बसले, डावा हात सवयीने स्टेअरिंगकडे गेला, तिथं काहीच नव्हतं. "गिअर कुठं गेला?" एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी ती गाडी चालवली नाही.

२०१९च्या जुलैत नोंदणी संपली. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता करोना आला आणि गाडीवर ताडपत्री पडली.

दिवाळी झाल्यावर मी आरसी पुस्तक घेऊन पेठ रोडच्या परिवहन कार्यालयात गेलो. माझी कल्पना अशी की उशिराचा दंड भरायचा, गाडी दाखवायची, जे बदल केलेत ते सांगायचे, त्यांची नोंद करून मिळेल. चार चांगल्या गोष्टी केल्यात, पासिंग व्हायला काय हरकत?

निरीक्षक साहेबांनी पुस्तक उघडलं. "इंजिन नंबर?"

मी पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा मला दिसतोय. गाडीवर काय आहे?"

मी सगळं सांगितलं. थोड्या अभिमानानेच सांगितलं, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग म्हणाले, इंजिन बदलायचं तर आधी परवानगी लागते. परवानगीविना बदललं असेल तर चौदा दिवसांत कळवायचं असतं. मला आठ वर्षं झाली होती. त्याच मेकचं, त्याच टाइपचं इंजिन असतं तर काही रस्ता निघाला असता. हे वेगळं, सीसीसुद्धा वेगळी.

"मेक तर प्रीमियरच आहे की, साहेब."

"निसानचं आहे म्हणून तुम्हीच सांगितलंत आत्ता."

घरी येऊन मी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून काढलं. निर्मात्याने जे मूळ तपशील दिले आणि जे नोंदणी पुस्तकात चढले, त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही, असा त्याचा गाभा. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे कलम असंच, सवलत न देता वाचलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि मालकाने बेकायदा बदल केला तर दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मी बोटांवर मोजलं. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, चाकं, हॉर्न, रंग. तीस हजार. कैदेचं मोजलं नाही.

मग माणूस करतो ते मी केलं, पळवाटा शोधल्या. विंटेजची नोंदणी नावाचा प्रकार २०२१पासून आला आहे. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांच्या वर हवी आणि मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. आमची पन्नाशी २०२९ला. शिवाय ती गाडी रोजच्या वापराला नाही. रॅलीला न्या, प्रदर्शनात ठेवा, पेट्रोल भरून आणा, बस. अण्णांना भाजी आणायला गाडी हवी होती. दुसरा रस्ता इलेक्ट्रिक किटचा. मान्यताप्राप्त किट मान्यताप्राप्त केंद्रातून बसवलं तर इंधनबदलाची नोंद होते. मी घरात विषय काढला. अण्णा म्हणाले, "मग मिक्सरच घे ना एखादा."

तिसरा रस्ता आरटीओबाहेरच्या टपरीवर भेटला. चहा पिताना एक एजंट शेजारी सरकला. जुन्या इंजिनाचा नंबर नव्या ब्लॉकवर पंच करून देतो म्हणाला, आधीचा घासून. "आठ हजार, दोन दिवसांत. कुणाला पत्ता लागणार नाही." मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. आठ हजारांत सगळं आटपत होतं. पण घासलेल्या नंबराची गाडी म्हणजे कागदावर चोरीची गाडी, हे मलाही कळत होतं. चहाचे पैसे देऊन निघालो, त्याच्याही चहाचे.

म्हणजे एकच उरलं. पुस्तक गाडीसारखं होणार नाही, तर गाडी पुस्तकासारखी करायची. आणि त्यासाठी पुस्तकात ज्याचा नंबर आहे ते जुनं इंजिन हवं. ते मी २०१५ला वेल्डिंगवाल्याच्या आवारात सोडून आलो होतो.

आवारात आता मोबाइलचं दुकान आहे. वेल्डिंगवाला शोधून काढला, तो म्हणाला, "ते तर तुझ्या वडिलांनीच नेलं. दुसऱ्याच आठवड्यात. टेम्पो घेऊन आले होते."

मी घरी येऊन विचारलं. अण्णा पेपर वाचत होते. "दिंडोरीला आहे," म्हणाले. "दादाच्या कांद्याच्या चाळीत." आठ वर्षांत मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दिंडोरीला चुलतभावाकडे गेलो. ८ डिसेंबरला कांद्याची निर्यातबंदी झाली होती. भाऊ इतका वैतागलेला, की पहिला अर्धा तास इंजिनाचं नाव काढायची सोय नव्हती. कांद्याची चाळ त्या दिवसांत रिकामी असते. उन्हाळ कांदा निघून गेलेला, लाल कांदा थेट शेतातून मार्केटला. रिकाम्या चाळीच्या टोकाला, पातीच्या कचऱ्यात, बारदानात गुंडाळून इंजिन आणि गिअरबॉक्स पडले होते. वर द्राक्षबागेचे जुने पाइप. भाऊ म्हणाला, "काका म्हणले, कधी पाण्याच्या पंपाला लागंल. म्या म्हणलं असू दे. नऊ उन्हाळे कांदा भरताना त्याला वळसा घातलाय भो."

बारदान सोडलं. ब्लॉकवर गंजाचा पापुद्रा, कार्बोरेटरच्या तोंडातून एक पाल निघाली. पण मला फक्त नंबर बघायचा होता. तो ब्लॉकवरच्या एका सपाट पट्टीवर ठोकलेला असतो. भाऊ तारेचा ब्रश घेऊन आला. अण्णांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या खिशातून जुना दात घासायचा ब्रश काढला. येताना घरून घेऊन आले होते. रॉकेल तिकडे कुणाकडे उरलंय, पंपाचं डिझेल वाटीत घेतलं. अण्णा उकिडवे बसून हळूहळू घासत राहिले. काळं पाणी ओघळलं की फडक्याने टिपायचे, परत घासायचे. पंधरा मिनिटांनी आकडे उमटायला लागले. मी पुस्तक उघडून एकेक जुळवत होतो. सगळे जुळले, शेवटचा एक सोडून. पुस्तकात शाईने लिहिलेला आकडा तीन आहे की आठ, ते कळेना. ब्लॉकवरही गंजाने तिथंच खड्डा पाडला होता.

भावाची मुलगी शाळेतून आली होती. तिच्या दप्तरातून खडू घेतला. अण्णांनी खडू आडवा धरून त्या पट्टीवरून फिरवला, फुंकर मारली. पांढऱ्यात खोल रेघा काळ्या राहिल्या. तीनच होता. डावी बाजू उघडी.

"माहीतच होतं मला," अण्णा म्हणाले. दात घासायचा ब्रश त्यांनी धुऊन परत खिशात ठेवला.

इंजिन बांबूला दोराने बांधून चौघांनी पिकअपमध्ये चढवलं आणि मी ते आमच्या जुन्या मिस्त्रींकडे आणलं. त्यांना सगळे चाचा म्हणतात. सत्तरीचे आहेत, आता नव्या गाड्या घेत नाहीत. "कॉम्प्युटरवाली गाडी मला सांगते की तिला काय झालंय. मग मिस्त्री कशाला?" असं त्यांचं म्हणणं. २०१५ला मी त्यांच्याकडे गेलो नव्हतो, कारण ते नाही म्हणतील हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. ब्लॉक उघडताना त्यांनी तो विषय काढला नाही, पण पाना मात्र दर वेळी माझ्याकडे मागायचे, हाताखालच्या मुलाकडे नाही.

पद्मिनीचं इंजिन तसं साधं. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर, ७५चा स्ट्रोक, म्हणून १०८९ सीसी. आमचं आधी दोनदा रिबोर झालेलं, पिस्टन चाळीसचे, म्हणजे मूळ मापाहून मोठे. पुढं बोअर करायला भिंतच उरली नव्हती. सातपूरला एका वर्कशॉपमध्ये चारही सिलिंडरला स्लीव्ह मारल्या आणि बोअर परत स्टँडर्डला आणला. क्रँक ग्राइंड झाला, व्हॉल्व्ह लॅप झाले. पिस्टन, रिंगा, वॉटर पंप आणि स्टेअरिंगच्या गिअरच्या बुशा आणायला मी दोनदा कुर्ल्याला गेलो. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्यातच होता. जिथं गाडी बनली तिथल्याच सीएसटी रोडवर तिचे सुटे भाग आता पोत्यांत भरून विकायला असतात. दुकानदार पोतं उपडं करतो, आपण वेचायचं.

गिअरचे रॉड मात्र घरीच निघाले. माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या खोक्यामागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. वर्तमानपत्र २०१५चं. मी काही बोललो नाही.

माझं मत बदललं ते इंजिन चढवताना नाही, आधीचं उतरवताना. निसानचं इंजिन फियाटच्या जागेत बसत नाही, त्याला माउंटिंगचे ब्रॅकेट वेगळे लागतात. ते आम्ही २०१५ला पट्टी कापून, वाकवून, वेल्ड करून बनवले होते. त्या वेल्डचा मला फार अभिमान होता, फोटो काढून ठेवलेत. चाचांनी इंजिन चेनब्लॉकवर उचललं, खाली टॉर्च मारला आणि मला बोलावलं. उजव्या ब्रॅकेटच्या कडेला केसाएवढी काळी रेघ होती. मला ती ऑइलची वाटली. चाचांनी पेट्रोलच्या बोळ्याने पुसली. रेघ तिथंच. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यात घातलं आणि जरा पिळलं. टोक आत गेलं. तडा वेल्डमध्ये नव्हता, वेल्डच्या शेजारी होता, जिथं उष्णतेने मूळ पत्रा कडक झाला होता. आणि तिथून चार बोटांवर स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट.

"कसाऱ्याला गेला होतास ना याच्यातून?" चाचांनी विचारलं.

गेलो होतो. तीनदा. एकदा बायको आणि सहा महिन्यांची मुलगी बरोबर होती.

तोवर मला वाटत होतं की कायदा आंधळा आहे, चांगला बदल आणि वाईट बदल त्याला ओळखता येत नाही. ते अजूनही थोडं वाटतं. पण मलाही ओळखता आला नव्हता, त्याचं काय?

डिस्क ब्रेकवरून मात्र मी साहेबांशी वाद घातला आणि तो वाद मला अजून पटलेला नाही. आरसी पुस्तकात मेक असतो, मॉडेल असतं, चासी आणि इंजिन नंबर, सीसी, इंधन, आसनं, वजन, रंग. ब्रेकचं नाव नाही. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. डिस्क त्याहून चांगले, हे कुणीही सांगेल. मग ते का काढायचे? साहेब म्हणाले, "पुस्तकात नाही हे खरं. पण उद्या अपघात झाला आणि कुणी विचारलं की हे कुणी बसवलं, कुणी तपासलं, तर तुमच्याकडे कागद आहे का?" कागद नव्हता. ११८ एनईला ते कंपनीने दिले होते, माझ्या फियाटला मी. ड्रम परत बसवले. पहिल्या दिवशी पेडल दाबलं तेव्हा गाडी थांबायचं की नाही यावर विचार करतेय असं वाटलं. चाचांनी शू ॲडजस्ट केले, चारदा ब्लीड केले, आता थांबते. पण मी पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवतो.

बाकीचं पटापट झालं. अलॉय विकले, हॉर्न भंगारात. रंग बदलाची नोंद करून घेता आली असती, लाल ठेवता आला असता. अण्णांना विचारायची गरजच पडली नाही. पेंटरने टपाच्या आतल्या बाजूला एक मूळचा पत्रा शोधला, त्यावरून क्रीम मिळवला.

मग कागदांची पाळी आली. पुस्तक हाताने लिहिलेलं, म्हणून गाडी परिवहन खात्याच्या 'वाहन' पोर्टलवर नव्हतीच. नंबर टाकला की कोरं पान. आधी जुन्या नोंदवहीशी ताडून बॅकलॉग एंट्री करावी लागते, तिच्याशिवाय फी भरता येत नाही, विमा निघत नाही, पीयूसीही निघत नाही. इथं तो तीन-आठचा घोळ पुन्हा उभा राहिला. नोंदवहीत कुणीतरी सुवाच्य अक्षरात तीन लिहिलेला निघाला. त्या अनोळखी कारकुनाला मी मनात हात जोडले.

विम्याचं एक गमतीचं. थर्ड पार्टीचे दर सीसीप्रमाणे. हजारच्या आत असती तर वर्षाला २,०९४ रुपये, हजारच्या वर ३,४१६. आमची एकोणनव्वद सीसी जास्त. नूतनीकरणाची फी पूर्वी सहाशे होती, एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या कारला पाच हजार झाली. (आता वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार आहे, म्हणजे आम्ही स्वस्तात सुटलो.) पाच वर्षांचा पर्यावरण कर तीन हजार. आणि उशिराचा दंड महिन्याला पाचशे. त्याची बेरीज स्क्रीनवर आली ती मी अण्णांना दाखवली नाही.

पीयूसी पहिल्या फेरीत नापास. जुन्या पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत हवा, आमचा ४.७. चाचा बरोबर होते. त्यांनी मशिनकडे पाहिलंही नाही. सोलेक्स कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू पाव आटा आत घेतला, कान लावून ऐकलं, आणखी थोडा घेतला, मग इंजिन अडखळायला लागल्यावर किंचित मागे. "आता लाव." २.४.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तपासणीची तारीख मिळाली. नोंदणी संपलेली गाडी चालवत न्यायची नाही म्हणून टोइंगच्या गाडीवर चढवून नेली. द्वारकेच्या सर्कलला सिग्नलवर शेजारच्या रिक्षावाल्याने अण्णांना विचारलं, "काका, भंगारात?" अण्णांनी काच वर केली. टोइंगच्या केबिनची.

रांगेत अकरा गाड्या पुढे. ऊन मी म्हणत होतं. मी सहज दिवे तपासले तर डावीकडचा मागचा दिवा गेलेला. घरून निघताना होता. माझे हातपाय गार. अण्णांनी डॅशखालची फ्यूजची पेटी उघडली, एक फ्यूज काढला, त्याची दोन्ही टोकं काडेपेटीच्या बाजूला घासली आणि परत बसवला. दिवा लागला. "ओझरला, तुझ्या मावशीच्या लग्नात असंच," म्हणाले आणि काडेपेटी खिशात टाकली. विडी सोडून वीस वर्षं झाली, काडेपेटी सुटलेली नाही.

निरीक्षक तेच होते. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल फिरवली, मग इंजिन नंबरवर. पेन्सिलीखाली तोच तीन, डावी बाजू उघडी. पुस्तकाशी जुळवलं. मग इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हँडब्रेक. टायरभोवती एक चक्कर. गाडी जरा पुढं घ्यायला लावली, ब्रेक मारायला लावला. थांबली.

मग आत वाकले. "हे काय?"

पुढच्या दोन सीटना मी बेल्ट बसवले होते. मुलीसाठी. ते काढायचं माझ्याकडून झालं नव्हतं. १९७९च्या गाडीला बेल्टची सक्ती नाही, कंपनीने दिलेलेही नव्हते. मी तोंड उघडलं, काय बोलणार होतो कोण जाणे.

त्यांनी बेल्ट हातात धरून एक जोरात हिसका दिला. अडकला, सुटला नाही. "राहू द्या," म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले.

मंजुरी पाच दिवसांनी पोर्टलवर दिसली, स्मार्ट कार्ड पोस्टाने आलं. जाड पुठ्ठ्याचं आरसी पुस्तक आता कपाटात आहे. कार्डावर सगळं पुस्तकातलंच, अण्णांचं नाव, १०८९, क्रीम. पुढच्या वर्षी त्या नव्या सुरक्षा नंबरपाट्यांची सक्ती आली. ७४५ रुपये अधिक कर भरून काळ्यावर चंदेरी अक्षरांची हाताने रंगवलेली पाटी उतरवावी लागली. ती अण्णांनी पोर्चच्या भिंतीला खिळ्याने ठोकली आहे.

कार्ड आल्यावर पहिल्याच रविवारी अण्णांनी चावी मागितली. चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, आईने माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे. ते बसले, बेल्ट लावला, क्लच दाबला आणि डाव्या हाताने पहिला गिअर टाकला. नऊ वर्षं त्या हाताने तो गिअर पाहिला नव्हता. कुठेही खरखर झाली नाही. मला तो गिअर अजून नीट पडत नाही, दुसऱ्याऐवजी रिव्हर्सकडे जातो.

दिंडोरीला गेलो. गाडीमागे पिकअपमध्ये निसानचं इंजिन होतं. माझ्याकडे ठेवायला जागा नव्हती आणि विकायचा धीर होत नव्हता. उन्हाळ कांदा काढून चाळी भरायचं काम चालू होतं, बाया पाती कापत बसल्या होत्या. भावाने आधी क्रीम रंगाच्या गाडीला चक्कर मारली, मग पिकअपमध्ये डोकावला.

"हे काय आणलं आता?"

अण्णा म्हणाले, "राहू दे तुझ्याकडं. कधी पाण्याच्या पंपाला लागेल."

भावाने जुनं बारदान आणलं. टोकाची जागा त्याने अजून भरलेली नव्हती.